डालग्याखाली झाकलेलं भांडण

जुन्या जालन्यातल्या आमच्या गल्लीत चंद्राक्का फुटाणेवालीनं भांडायला तोंड उघडलं की कुंडलिका नदीच्या पलीकडे कादराबादेत म्हशी पान्हा चोरायच्या. मी सांगतो त्यातलं अर्धं खरं धरा. उरलेल्या अर्ध्याला साक्षीदार होते. ते आता हयात नाहीत, हा काही माझा दोष नव्हे.

काळ निजामाचा. मी सरकारी मदरशात मास्तर होतो. पोरांना उर्दूतून गणित शिकवायचो. पोरांना उर्दू येत नव्हतं आणि मला गणित, त्यामुळं आमचं बरं जमायचं. राहायला मला मथुराबाई पापडवालीच्या घरातली गल्लीकडची खोली मिळाली. खोली देताना तिनं एवढंच विचारलं, “मास्तर, झोप कशी हाय तुमची?” मी म्हटलं, गाढ. ती म्हणाली, “मंग मोडंल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मोडली.

समोरासमोर दोन घरं. मावळतीला चंद्राक्काचं, उगवतीला मथुराबाईचं. मधे बैलगाडी जेमतेम जाईल एवढी गल्ली. चंद्राक्काच्या अंगणात फुटाण्यांची भट्टी, मथुराबाईच्या अंगणात बाजेवर वाळत घातलेले उडदाचे पापड. आणि वारा कुठला? मावळतीचा. देवानं वारा वाहायला लावला तेव्हा त्याला ह्या दोघींची भांडणं लावायची होती, बाकी जगाला वारा मिळाला तो वरकड.

चंद्राक्का अंगानं वाळल्या पळाटीसारखी होती. पळाटी म्हणजे कापूस वेचून झाल्यावर शेतात उरतं ते झाड. भट्टीला जळण त्याचंच. ती भट्टीपुढं वाकली की लांबून जळण कुठलं आणि अक्का कुठली हे पटकन कळायचं नाही. कपाळावर हिरवं गोंदण आणि त्याखाली भुवया मुळीच नाहीत. भट्टीनं खाल्लेल्या. त्यामुळं तिला राग आलाय की नाही हे चेहऱ्यावरून ओळखता यायचं नाही, आवाजाची वाट बघावी लागायची. वाट फार बघावी लागायची नाही. तरणपणीच विधवा झालेली, मूलबाळ नाही, बदनापूरला एक भाऊ. गल्लीतली लहानथोर सगळी तिला अक्का म्हणायची, तिच्याहून वीस वर्षांनी मोठे म्हातारेसुद्धा.

गिऱ्हाईक आलं की ती आधी एक फुटाणा स्वतःच्या दाढेखाली धरायची. कुडुम असा आवाज आला तर माप भरायची. आवाज नाही आला तर गिऱ्हाइकाला परत पाठवायची, “दुपारनं या.” गिऱ्हाईक म्हणायचं, अक्का, चालतील की असेच. ती म्हणायची, “तुला चालतील. मला न्हाई चालत. ज्याला आवाज न्हाई त्याला भाजलं न्हाई.” हे ती फुटाण्यांबद्दल बोलते की माणसांबद्दल, ते ज्याचं त्यानं ठरवायचं.

मथुराबाई याच्या अगदी उलट. चांगली भरगच्च बाई. पापडाचं पीठ कुटून कुटून तिचे दंड पाट्या-वरवंट्यातल्या वरवंट्यासारखे झाले होते. मोंढ्यातल्या व्यापाऱ्यांच्या घरी लग्न निघालं की पापड-कुरडयांची ऑर्डर तिच्याकडं. तिचे यजमान बापूराव. त्यांनी लग्नात नाव घेतलं तेवढंच. पुढं बोलायची संधी मिळाली नाही. दोन्ही कानांत कापसाचे बोळे घालून ते ओट्यावर टोप्या शिवीत बसायचे.

आता भांडण. तुम्हांला वाटेल, कचाकच शिव्या. बिलकुल नाही. रीत होती. मेलेल्या माणसाचं नाव काढायचं नाही, पोराबाळांवर जायचं नाही, दुखण्याखुपण्याला हात लावायचा नाही. एकीनं बोलायचं, दुसरीनं पुरतं ऐकून घ्यायचं, मग तोलाचं उत्तर. वाक्य मधेच तोडलं तर गल्लीतल्या बायाच म्हणायच्या, “हां हां, तिचं होऊ द्या ना!”

“ए पापडे! तुझ्या पापडावर काल माशी बसली. उठताना दात हातात घेऊन उठली.”

“माशीला दात तरी होते. तुझे फुटाणे खाऊन मोंढ्यातला उंदीर आता दूध पिऊन राह्यलाय, भट्टे!”

“तुझा पापड चुलीवर धरला तर चूल इझती.”

“आन् तुझ्या भट्टीचा धूर वर गेला तर ढग खोकतेत. म्हनून तर पाऊस अंबडाला पडतो!”

वीस वर्षं असं चाललं होतं. गल्लीत कोणालाही विचारा, पुढं कोण? सांगता यायचं नाही. सोमवारी एक सरस वाटायची, मंगळवारी दुसरी. दिवेलागणीला एखादी म्हणायची, “लक्षुमीची वेळ झाली, झाक आता.” मग जिची पाळी असेल ती कोंबड्या झाकायचं बांबूचं डालगं आणायची आणि गल्लीच्या मधोमध पालथं घालायची. झालं! भांडण डालग्याखाली. आता एकीनं दुसरीकडं विरजण मागितलं तरी चालेल. सकाळी दुसरीनं डालगं उचलायचं, की जिथं थांबलं तिथून पुढं. झाकणारीनं उघडायचं नाही आणि झाकायची पाळी रोज बदलायची, म्हणजे कुणाचं पारडं खाली जायला नको.

हे मला कोण सांगणार? राहायला आल्याच्या चौथ्या दिवशी संध्याकाळी मदरशातून येतो तर रस्त्यात डालगं पालथं. मला वाटलं, आत बिचारी कोंबडी अडकली. एखादी गाडी आली म्हणजे चिरडायची. दयाबुद्धीनं उचललं. खाली काहीच नाही. पण दारातल्या एका बाईनं तोंडावर हात मारला, “ओ माय! मास्तरानं भांडण सोडलं!” जसा काही मी वळू सोडला होता.

दोन्ही दारांतून दोघी बाहेर. मी मधे, हातात डालगं.

“बोला,” चंद्राक्का म्हणाली.

“काय बोलू?”

“ज्यानं उघडलं त्याचा पयला वार. रीत हाय.”

अख्खी गल्ली माझ्या वाराची वाट बघू लागली. मी घसा खाकरून म्हणालो, “अक्का, माझी चूक झाली.”

चंद्राक्कानं मथुराबाईकडं पाहिलं. मथुराबाईनं चंद्राक्काकडं. “कुठून आणलास गं हा भाडेकरू?” चंद्राक्का म्हणाली. “चुकलं म्हनून सुरुवात करतो का कोनी भांडनाला? चुकलं तर शेवटाला बी म्हनायचं नसतं!” आणि त्या दिवशी वीस वर्षांत पहिल्यांदा दोघी एका बाजूनं लढल्या. माझ्या धोतरापासून माझ्या गणितापर्यंत काही म्हणता काही सोडलं नाही. संपल्यावर बापूराव उठले आणि त्यांनी न बोलता मला तांब्याभर पाणी आणून दिलं. तेव्हापासून आमची मैत्री.

पुढच्या उन्हाळ्यात मथुराबाई लेकीच्या बाळंतपणाला वडीगोद्रीला गेली. सव्वा महिन्यासाठी. पहिले दोन दिवस चंद्राक्का खुशीत, “गल्लीतला आवाज कमी झाला बाई,” असं मोठ्यानं म्हणत हिंडायची. तिसऱ्या दिवशी हरभरे जळाले. चौथ्या दिवशी लाह्या जळाल्या. पाचव्या दिवशी तिनं तेलिणीला गाठलं आणि जरा हात साफ करून घ्यावा म्हणून एक साधंसंच वाक्य टाकलं. तेलीण रडत घरी गेली. भाजीवालीनं वाक्य न टाकता दगड टाकला. मला तर तिनं विचारलंसुद्धा नाही.

शेवटी गणपत गाडीवान कामाला आला. आठवड्याला वडीगोद्रीहून मोंढ्यात गूळ आणायचा. चंद्राक्कानं त्याच्याबरोबर निरोप धाडला, “तिला सांग, तू गेल्यापासून माझा धूर एकटा पडला. कोनाच्या डोळ्यात जावं त्याला कळंना.” पुढच्या खेपेला उत्तर आलं, “सांग तिला, इथं दातांना लई आराम हाय. दगडं चावायला लावनारं कोनी न्हाई.” चंद्राक्कानं ते ऐकलं, मान डोलावली, आणि त्या दिवशीचे फुटाणे असे उमलले की मोगरा शरमावा.

पण गणपत माळकरी. शिवी पोचवून पोचवून त्याचा जीव विटाळला. तिसऱ्या खेपेला मथुराबाईच्या तोंडचं त्यानं वडीगोद्रीच्या वेशीवरच टाकून दिलं आणि चंद्राक्कापुढं हात जोडून म्हणाला, “मथुराबाईनं सांगितलं, अक्का, काळजी घे.”

चंद्राक्काच्या हातातला झारा भट्टीच्या वाळूत पडला. “काय म्हनली?”

“काळजी घे म्हनल्या.”

“अशी बोलली? तोंडानं? उभी होती का आडवी?” गणपत गळ्यातली माळ चाचपू लागला. “मेल्या, खरं सांग, कधीपासून दुखनं हाय तिला?”

अक्कानं भट्टी तशीच टाकली, गणपतच्या गाडीत चढून बसली. दोन दिवसांची वाट. गणपत सांगायचा, गाडी तिच्या काळजीनं एवढी जड झाली की बैल चढावर मागं मागं येऊ लागले. वडीगोद्रीला पोचली तर मथुराबाई दारात, मांडीवर नातू, अंगानं पहिल्यापेक्षा दुप्पट.

“तू मला काळजी घे म्हनलीस?”

“मी?” मथुराबाई उभी राहिली. “जीभ झडो माझी! मी म्हनले, त्या भट्टीला सांगा, माझ्यामागं धूर जरा कमी कर, वडीगोद्रीतून दिसून राह्यलाय!”

चंद्राक्कानं दोन दिवसांचा कोंडलेला श्वास सोडला. वाळल्या भोपळ्यात हरभरे घालून केलेला खुळखुळा तिनं बाळाच्या हातात दिला, आणि पाणीसुद्धा न पिता परतीची गाडी धरली. गणपतला मात्र येताना बैलांमागून चालत यावं लागलं.

एवढी तोलाची जोडी. ती मोडली कोणी? मी. आता ते सांगतो.

गल्लीच्या तोंडाशी नवे अमीनसाहेब राहायला आले. अमीन म्हणजे पोलीस ठाण्याचा मुख्य. मोठा भला माणूस. फक्त दुपारी जेवणानंतर दोन तास झोपायची त्याला सवय होती. आठ दिवसांत त्याच्या डोळ्यांखाली अशा पिशव्या आल्या की त्यांत पायली पायली ज्वारी मावली असती. त्यानं दोघींना ठाण्यावर बोलावलं. दुभाष्या म्हणून मला.

“कसूर किसका है?” अमीनसाहेबांनी विचारलं.

“हिचा!” दोघी एका दमात.

अमीनसाहेबांनी कपाळ धरलं. म्हणाले, तोंडी काही ऐकणार नाही. दोघींनी लेखी दरख्वास्त आणा. जिच्या म्हणण्यात वजन दिसेल तिच्या बाजूनं हुकूम देतो आणि हा शोर कायमचा बंद करतो.

गल्लीत उर्दू लिहिणारा मी एकटा. त्याच दुपारी मथुराबाई पाट घेऊन माझ्यासमोर बसली. “लिवा मास्तर. धुरानं पापड काळे होतेत.” एवढंच तिनं सांगितलं. पुढचं मला सुचत गेलं. मी लिहिलं, या धुरापायी अर्जदारणीला भर दुपारी कंदील लावून स्वैपाक करावा लागतो. धुरात नवरा ओळखू न आल्यानं तिनं दोनदा भलत्याच इसमास जेवू घातलं. गल्लीतले बगळे कावळ्यांत मिसळले असून कावळे तक्रार करीत आहेत. हा धूर पाहून उतारू आगगाडी समजून बिछान्यासह गल्लीत येऊन बसतात आणि मनमाडची गाडी चुकवतात. तीन पानं! वाचून दाखवली तेव्हा बापूरावांनी एका कानातला बोळा काढला होता.

मथुराबाई खूश झाली. उठता उठता म्हणाली, “आता तिची बी अशीच लिवा. बराबर एवढीच. एक ओळ कमी पडली तर खोली खाली करा.”

संध्याकाळी चंद्राक्का आली. पदराखाली फुटाण्यांचा पुडा. मी दौत घेऊन बसलो, आणि काय सांगू, डोकं कोरडं ठण्ण. बगळे गेले, आगगाडी गेली, होतं नव्हतं ते सगळं मथुराबाईच्या तीन पानांत खर्ची पडलेलं. हातालाही रग लागली होती. मी लिहिलं, ‘अर्जदार गरीब बेवा आहे. भट्टीवर पोट आहे. भट्टी चालू ठेवावी.’ संपलं.

चंद्राक्कानं कागद उलटासुलटा करून पाहिला. “लई थोडं वाटून राह्यलंय मास्तर.”

“अक्का,” मी म्हणालो, “उर्दूत थोडक्यात मावतं.”

तिनं विश्वास ठेवला. मला ती आल्या दिवसापासून नावं ठेवत आली होती, पण मास्तर लिहिण्यात खोटं बोलेल असं तिला वाटलं नाही. फुटाण्यांचा पुडा ठेवून गेली.

तिसऱ्या दिवशी शिपाई हुकूम घेऊन आला. गल्लीत उभा राहून त्यानं तो वाचला, आणि चंद्राक्काच्या भट्टीत दोन घागरी पाणी ओतलं. तापलेली वाळू चर्र करून ओरडली. चंद्राक्का नाही ओरडली. ती बाजूला उभी राहून बघत होती, जसं दुसऱ्याचंच काही चाललंय.

दुसऱ्या सकाळी डालगं उघडायची पाळी मथुराबाईची. तिनं उचललं, कमरेवर हात ठेवले. “काय गं भट्टे, झाली का थंड?”

समोरून काही नाही.

“आगं बोल की! का जिभेत बी शिपायानं पानी ओतलं?”

चंद्राक्का दारात आली. शांतपणे म्हणाली, “मथुरा, तू जिंकली. आता मी काय बोलू?”

मथुरा. वीस वर्षांत तिनं हे नाव पहिल्यांदा घेतलं. मथुराबाईचा चेहरा असा झाला, जशी कोणी भर गल्लीत थोबाडीत दिली. तिनं ते डालगं खाली ठेवलं तेही सुलटंच ठेवलं. नंतर कळलं, गुरुवारच्या गाडीनं अक्का बदनापूरला भावाकडं चालली, कायमची. कढई विकायला काढली होती. भट्टी नाही तर पोट नाही, आणि हरलेल्या माणसानं समोरच्या दारात बसून काय करायचं?

दोन दिवस मथुराबाईचे पापड वाटोळे होईनात. एक तर असा लाटला गेला की मी मदरशात मुलखाचा नकाशा म्हणून लावला असता. बुधवारी ती माझ्या खोलीत आली. “मास्तर, तिची अर्जी सांगा मला. शब्दाला शब्द.”

मी सांगितली. दहा शब्दांत संपली. मथुराबाई खाली बसली.

“एकीला तलवार दिली, दुसरीला खराट्याची काडी,” ती म्हणाली. “आन् मी येडी समजून राह्यले की मी जिंकले.” तिचा आवाज चढला नाही, त्याचीच मला जास्त भीती वाटली. “उठा. ठान्यावर चला.”

अमीनसाहेबांना दोन दिवस झोप लागली होती, चेहरा टवटवीत. मथुराबाई म्हणाली, हुकूम मागं घ्या. अमीनसाहेब म्हणाले, “बाई, हुक्म कोई पापड है? एक बार निकला तो निकला. ऊपर नकल जा चुकी.”

“मी खोटं बोलले म्हना.”

“तो तुमको बंद करना पडेगा.”

“करा. पर भट्टी उघडा.”

अमीनसाहेब हसले, मान हलवली. तेव्हा मथुराबाई मला म्हणाली, “मास्तर, हुकूम वाचा. जसा लिवलाय तसा. बगळे घालू नका.” मी वाचला, मुसम्मात, म्हणजे श्रीमती, चंद्राबाईच्या अंगणात भट्टी पेटणार नाही. “परत वाचा.” वाचला. “तिच्या अंगनात,” मथुराबाई सावकाश म्हणाली. “माझ्या अंगनाचं काय लिवलंय?”

अमीनसाहेबांनी कागद माझ्या हातातून घेतला, उलटा करून पाठ पाहिली. पाठीवर काही नव्हतं.

“तुम्हारे आंगन का इसमें जिक्र नहीं,” ते म्हणाले. त्यांना पुढचं दिसलं असावं, कारण त्यांनी उशीकडं पाहावं तसं खुर्चीच्या पाठीकडं पाहिलं. “दोपहर में दो घंटे मुंह बंद रहेगा?”

“डालगं घालू,” मथुराबाई म्हणाली. ते मी उर्दूत कसं सांगितलं ते विचारू नका.

खरी लढाई पुढं होती. चंद्राक्काचं गाठोडं बांधून झालं होतं. मथुराबाई तिच्या दारात उभी राहिली. आता ही काय बोलणार? भट्टी माझ्या अंगणात लाव म्हटलं तर ते उपकार होतात, आणि उपकार झाला की वीस वर्षांची बरोबरी मातीत. चंद्राक्का उपाशी मेली असती, पण उपकार घेतला नसता.

मथुराबाई म्हणाली, “भट्टे, तुझं अंगन पाहिजे मला.”

चंद्राक्कानं वर पाहिलं.

“पापडाला. आता रिकामंच पडलं ना? तुझं मी घेते. बदल्यात माझं घे, न्हाई तर बोंबलत बदनापूरला जा. मला काय!”

“माझं अंगन?” चंद्राक्का म्हणाली. “आन् बदल्यात तुझं? ते बोळकं? तुझं अंगन माझ्याहून दोन हात कमी हाय!”

“कमी? जास्तीचं हाय! मोज!”

“मोजच!”

बापूराव टोप्यांचं कापड मोजायचा गज घेऊन उठले. अंगणं मोजली. मथुराबाईचं खरोखरच पावणेदोन हात कमी निघालं. चंद्राक्कानं गाठोडं खाली टाकलं, ओचा खोचला आणि सबंध गल्लीला ऐकू जाईल असं ओरडली, “पाहिलं का रे लोकांनो? फशिवत होती मला! दोन हात खात होती पापडी!”

मी तुम्हांला सांगतो, मथुराबाईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. धूर तर अजून निघायचा होता.

पावणेदोन हात भरून काढायला मथुराबाईनं आपला ओटा दिला, मग जोड बराबर झाली. बापूरावांनी भट्टी विटाविटांनी उचलून अलीकडं आणली. आता भट्टी उगवतीला, पापड मावळतीला. म्हणजे धूर पापडावर जायचं कारणच उरलं नाही. वीस वर्षांत ही गोष्ट कोणाला सुचली नव्हती. पहिला जाळ घातल्यावर दोघींनी धुराकडं पाहिलं, तो पापडांकडं पाठ करून सरळ अमीनसाहेबांच्या घराकडं चालला होता. क्षणभर दोघीही घाबरल्या. मग चंद्राक्काच्या अंगणातल्या लिंबाच्या झाडावरून एका कावळ्यानं वाळत्या पापडांवर आपलं काम केलं, आणि मथुराबाई गरजली, “हेच लिंबाचं झाड मला न सांगता दिलंस व्हय गं?”

सगळं सुरळीत झालं.

पुढं माझी बदली अंबडला झाली. पाचेक वर्षांनी कचेरीच्या कामाला जालन्याला आलो, तेव्हा निजामाचं राज्य शेवटच्या घटका मोजत होतं. मी तसाच गल्लीत गेलो. थंडीचे दिवस. मथुराबाईच्या अंगणात भट्टीच्या उबेला बाज टाकलेली, बाजेवर चंद्राक्का. दम्यानं तिचा आवाज नेला होता. मला पाहून ओठ हलले. काय म्हणाली ते कळलं नाही, पण चांगलं नसावं, कारण ती हसली. बापूराव कानांत बोळे न घालता बसले होते. गल्ली इतकी शांत मी कधी ऐकली नव्हती.

तेवढ्यात मथुराबाई पलीकडच्या अंगणातून, लिंबाखालून, ओरडली, “काय गं भट्टे, आज तरी उठतीस का बाज झिजवतीस?”

समोरून उत्तर कसं येणार? मथुराबाईनं दोन श्वास वाट पाहिली. मग कंबर धरत धरत, पाय ओढत गल्ली ओलांडून अलीकडं आली, बाजेशेजारी उभी राहिली, आणि जिथून आली त्या रिकाम्या अंगणाकडं तोंड करून चंद्राक्काच्या आवाजात ओरडली, “बाज तरी झिजती! तुझ्या पापडानं तर लाटनं झिजलं, पोळपाट झिजला, नवरा झिजला!”

आणि चंद्राक्काकडं वळून पाहिलं.

चंद्राक्कानं हात किंचित उचलला, बोट हलवलं. नाही. एवढ्यानं भागायचं नाही. ओठांवरून मला एकच शब्द वाचता आला, वंगाळ. अजून वंगाळ पाहिजे.

मथुराबाईनं नाक ओढलं, पदर सावरला, परत रिकाम्या अंगणाकडं तोंड केलं, आणि स्वतःला असं काही सुनावलं की ते मी कागदावर उतरवू शकत नाही. अंबडात माझी सोयरीक आहे. शेजारच्या दोन बाया दारात आल्या. बापूरावांनी सुई थांबवली.

चंद्राक्कानं डोळे मिटले आणि मान हलवली. बराबर.